मेदकचं चर्च आणि आमचा बहात्तरचा तलाव

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत कुठं जायचं याचं जे पान येतं ते आमच्या घरी सगळे वाचतात, पोरं मोबाईलमधून मान वर काढून वाचतात म्हणजे बघा. पण त्या पानावर गोवा, महाबळेश्वर, कोकण, फार तर फार वेरूळ-अजिंठा, याच्यापुढं गाडी काही सरकत नाही. आम्ही देगलूरची माणसं. इथून पुणं म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि तेलंगणाची हद्द म्हणजे चहा पिऊन परत यावं एवढी जवळ. लग्नाचा बस्ता हैदराबादला, मोठं दुखणं निघालं तर हैदराबादला, पण सहल म्हणलं की आम्ही पण तुमचं पान वाचून गोव्याचीच चौकशी करत बसतो. दिवाळीच्या सुट्टीत गोव्याचं बजेट काही बसलं नाही (पाच माणसं, त्यात मायचे गुडघे) म्हणून आमच्या मिसेसनं काढलं की तेलंगणातल्या मेदकचं चर्च बघून येऊ, तिची मावशी कामारेड्डीला असते, तिनं लहानपणी मावशीबरोबर बघितलं होतं. मी म्हणलं चर्चमधे काय बघायचं, आपल्याला त्यातलं काय कळतंय. पण एका दिवसात जाऊन येणं, मुक्कामाचा खर्च नाही, म्हणून हो म्हणलं, खरं कारण एवढंच.

हे पत्र अर्धं त्या चर्चबद्दल आहे आणि अर्धं आमच्या गावच्या पाझर तलावाबद्दल. लांबलंय. काटछाट करा, पण शेवटी जे मागणं आहे तेवढं कापू नका.

सकाळी साडेसहाला निघालो, मदनूर, पिटलम, तिथून निजामसागरचा रस्ता धरला. धरणावर गाडी थांबवली, पोरांना फोटो काढायचे होते. माय काचेतून पाणी बघत म्हणाली, "ही कोंची नदी रे?" मी म्हणलं मांजरा. तर म्हणे, "आपली मांजरा? ती हिकडं कशी काय आली?" आता हे मला पण नीट माहीत नव्हतं, पोरीनं मोबाईलवर नकाशा उघडला अन् सगळ्यांनी डोकी घातली. मांजरा निघते बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरात, लातूरवरनं बिदरकडं जाते, संगारेड्डी-मेदकच्या अंगानं जाऊन एकदम उत्तरेला वळते, निजामसागरात येते आणि फिरून आपल्याच बिलोलीच्या शिवेवरनं जाऊन कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. माय म्हणाली मंजे सासरी जाऊन माहेरला परत येनारी. मला ते लई आवडलं. आणि हीच ती नदी बरं का, जिच्यावरचं धनेगावचं धरण २०१६ ला कोरडं ठक्क पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तिच्याच पाण्यावर निजामानं १९२३ ते १९३१ मधे हे निजामसागर बांधलं. आपण सगळे एकाच नदीचे अन् एकाच निजामाचे, १९५६ ला राज्यं भाषेवर वाटली गेली म्हणून मेदक तिकडं गेलं आणि देगलूर इकडं राहिलं, नाहीतर हे चर्च आज आपल्याच राज्यातलं म्हणून तुमच्या पानावर आलं असतं.

येल्लारेड्डीच्या पुढं पोचारमचं जंगल लागतं, ते झालं की मेदक. गावात शिरायच्या आधीच ते टॉवर दिसतं. १७५ फूट आहे. चारमिनारपेक्षा आठ-नऊ फूटच कमी, आणि आजूबाजूला सपाट शेतं असल्यामुळं ते आहे त्यापेक्षा पण उंच वाटतं. जवळ गेल्यावर दगड दिसला. माझं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे त्यामुळं माझी नजर आधी मटेरियलवर जाते, त्याला इलाज नाही. आपल्याकडं बहुतेक काळा दगड, देगलूर-बिलोलीकडं सरकलं की ग्रॅनाईट सुरू होतो, आणि हे सगळं बांधकाम त्या ग्रॅनाईटमधलं, एकेक दगड टाकीनं घडवलेला, दोन दगडांच्या मधली फट बोटानं चाचपावी लागते. माझ्याकडं गिऱ्हाईक येतं, विचारतं भाऊ हे सिमेंट किती वर्षं टिकंल, मी म्हणतो पन्नास वर्षं काळजी नको. तिथं शंभर वर्षांची भिंत बघून जरा वरमल्यासारखं झालं.

रविवार होता. आत प्रार्थना चालू होती, तेलुगूत गाणी चालली होती, लेकुरवाळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून, माणसं इस्त्रीचे कपडे घालून, गच्च भरलेलं. आम्हाला सांगितलं थोडं थांबा, मग थांबलो. बाहेर मोठं मैदान आहे, झाडं आहेत, लोक सतरंज्या टाकून डबे सोडून बसलेले, अगदी आपल्या जत्रेसारखं. आम्ही पण मिसेसनं बांधून आणलेले धपाटे, दही अन् शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारी एक तेलुगू कुटुंब बसलेलं, त्यांनी आम्हाला पुलिहोरा (चिंचेचा भात) दिला, आम्ही त्यांना धपाटे दिले, त्यांच्या आज्जीला ते इतके आवडले की तिनं मिसेसला पीठ कशाकशाचं ते खुणांनी विचारून घेतलं.

पोरगी नववीला आहे, तिला सगळं आधी वाचून जायची सवय, तिनं बसल्या बसल्या लेक्चर दिलं. कॅथेड्रल म्हणजे नुसतं मोठं चर्च नाही, बिशपची खुर्ची जिथं असते ते कॅथेड्रल, म्हणजे चर्च लहान असलं तरी चालतं, खुर्ची पाहिजे. आणि गंमत म्हणजे हे बांधलं तेव्हा कॅथेड्रल नव्हतंच, कारण बांधणारे होते मेथडिस्ट मिशनचे इंग्रज आणि त्यांच्यात बिशप हा प्रकारच नसतो. १९४७ ला दक्षिणेतली वेगवेगळी प्रोटेस्टंट चर्चं एकत्र येऊन चर्च ऑफ साऊथ इंडिया झालं, मग मेदकला बिशप आला आणि मग हे कॅथेड्रल झालं. माझं पोरगं सहावीला, ते म्हणालं म्हणजे आधी इमारत अन् मग खुर्ची. हो, आपल्याकडं आधी खुर्ची असते, इमारतीचं नंतर बघू.

नेटवर एक वाक्य सगळीकडं फिरतंय की व्हॅटिकननंतर जगात दुसऱ्या नंबरचं हेच. ते काही मला पटलं नाही. व्हॅटिकन कॅथलिकांचं, हे प्रोटेस्टंट, दोन्ही एका रांगेत कशी मोजायची, आणि नंबर दिल्यानं चर्च मोठं होत नाही. आहे ते पुरेसं मोठं आहे. १०० फूट रुंद, २०० फूट लांब, पाच हजार माणूस मावतं म्हणतात.

दुपारी आत गेलो. मायनं पायरीवरच चप्पल काढली, तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत थंडगार. टोकदार कमानी वर जाऊन एकमेकीला मिळतात, खाली फरशीला रंगीत टाईल्सची नक्षी, त्या टाईल्स इंग्लंडहून जहाजानं आणल्या असं सांगतात. वर छताला आवाज घुमू नये म्हणून काहीतरी स्पंजसारखं बसवलंय असं कळल्यावर आमच्या पोरानं टाळी वाजवून चेक केलं, मिसेसनं त्याच्या पाठीत जो धपाटा घातला त्याचाच आवाज जास्त आला.

पण खरं बघण्यासारखं म्हणजे खिडक्या. रंगीत काचेच्या तीन मोठ्या खिडक्या आहेत, फ्रँक सॅलिस्बरी म्हणून इंग्रज चित्रकार होता त्याचं काम. बाहेरनं बघाल तर काहीच नाही, काळपट काचा, मला वाटलं धूळ बसलीये. आतनं बघितलं की ऊन त्याच्यातनं येतं आणि मग निळा, लाल, पिवळा असा पेटतो की बघत राहावं. दिवस मावळला की खेळ खलास, आत कितीही लाईट लावा. एकीत येशूचा जन्म, एकीत क्रूस आणि समोर वेदीच्या मागं तो वर स्वर्गात चाललाय ती. जन्माच्या खिडकीखाली माय बराच वेळ उभी होती, म्हणाली बाळंतीण चांगली काढलीये, दमलेली दिसायली. या तिन्ही खिडक्या एकदम बसलेल्या नाहीत हं, पहिली १९२७ ला, दुसरी १९४७ ला, तिसरी १९५८ ला. पहिली बसली तेव्हा निजामाचं राज्य ऐन भरात, दुसरी देश स्वतंत्र झाला त्या वर्षी पण आपण अजून निजामातच, रझाकारांचा तो काळ आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेला, आणि तिसरी बसेपर्यंत हैदराबाद स्टेटच नकाशावर नव्हतं. राज्य बदलत गेलं, काचा येत गेल्या.

तिथं एक म्हातारे गृहस्थ झाडलोट करत होते. मला तेलुगू दुकानापुरतं येतं, "एंत" (किती) अन् "वद्दू" (नको), तेवढंच, पण त्यांना दखनी हिंदी येत होती. मी विचारलं चाचा ये कब बना. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि पहिलं वाक्य असं बोलले: "अकाल में बना साब. लोगां भूके मर रहे थे, तो पादरी साब बोले काम करो, खाना लो."

मी आपला मायला मराठीत सांगितलं की माय, हे दुष्काळात बांधलंय, दुष्काळी काम होतं हे. झालं. माय जागीच थांबली.

गोष्ट अशी आहे की चार्ल्स वॉकर पॉसनेट नावाचा मिशनरी १८९५ ला सिकंदराबादला आला, तिथून मेदकला. त्या भागात दुष्काळ पडला, पहिलं महायुद्ध चालू, रोगराई. १९१४ ला त्यानं हे चर्च बांधायला घेतलं, फुकट वाटायचं नाही, कामाच्या बदल्यात अन्न द्यायचं असं ठरवलं, दहा वर्षं काम चाललं आणि १९२४ च्या २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, ते उघडलं. आत्ता २०२४ ला त्याला शंभर वर्षं झाली. मेदक या नावातच भात आहे, तेलुगूत शिताला मेतुकु म्हणतात अन् जुन्या किल्ल्याचं नाव मेतुकुदुर्गम, आणि त्या गावात माणसं शितासाठी दगड वाहत होती.

मायनं मला विचारलं, "बायका होत्या का रे?" मी चाचांना विचारलं. ते म्हणाले होंगे ना, अकाल में औरतां-बच्चे सब करते. माय भिंतीजवळ गेली आणि हात लावून दगड बघायला लागली, म्हणजे नमस्कार नाही, आपण कापड बघतो तसं. टाकीचे घाव बोटानं चाचपत होती. मला म्हणाली, "घडवनारा गवंडी येगळा आसतो. पर दगड हितवर येतो कसा? डोक्यावर." मग आपल्या डोक्यावर हात ठेवून दाखवलं चुंबळ कुठं ठेवतात ते, नातवंडांना. चुंबळ म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवतात ती कापडाची गुंडाळी, हा शब्दच पोरांना माहीत नव्हता.

इथं जरा मायबद्दल सांगतो. ती आता सत्तरीची. बहात्तरच्या दुष्काळात ती नवी नवरी, लग्न होऊन वर्ष झालेलं. आमचं मूळ गाव मुखेड तालुक्यात, माळरान, तिथं पाझर तलावाचं काम निघालं आणि सासू-सुना दोघी त्या कामावर गेल्या. हे आम्हाला माहीत होतं, म्हणजे ऐकून माहीत होतं, तिनं कधी नीट सांगितलं नाही आणि आम्ही कधी नीट विचारलं नाही. त्या दिवशी चर्चच्या बाकावर बसून ती जवळजवळ पाऊण तास बोलत होती. पहाटे अंधारात भाकरी बांधून निघायचं. आधी खडी फोडायला बसवलं, कच उडून डोळ्यात जायची, एका बाईचा डोळा गेलाच. मग मातीवर घातलं, टोपल्यानं माती उचलून बांधावर नेऊन टाकायची, चौकडी मापून पैसे, मुकादमाचा हात सैल असला तर माप भरायचं नाहीतर नाही भरायचं. कधी दोन रुपये पडायचे कधी अडीच. दुपारी सुकडी मिळायची, ती ती पदरात बांधून घरी आणायची कारण घरी लहान दीर होते. रेशनला लाल मिलो ज्वारी, अमेरिकेची, तिची भाकरी थापली की चिरायची आणि खाल्ली की पोट दुखायचं. "पर आली म्हनून जगलो," असं पण तीच म्हणाली. आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, तिचं नाव नव्हतंच, आमच्या आजोबांचं नाव लावून "बायको, सून" असं लिहायचे आणि अंगठा घ्यायचे.

हे आकडे मी नंतर बघितले, १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. पन्नास लाख! त्यातूनच पुढं रोजगार हमी आली, वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ ला कायदा झाला, आणि २००५ ला केंद्रानं तसाच कायदा सगळ्या देशाला केला. सगळ्या देशाला जे मिळालं त्याची माती आमच्या आया-आज्यांनी डोक्यावर वाहिलीये.

परत येताना गाडीत वाद झाला, तो पण लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकांगी लिहिलं. मेव्हणा होता बरोबर, गाडी तोच चालवत होता, तो म्हणाला दाजी तुम्ही उगीच भारावून जाऊ नका, ते मिशनरी होते, पोटाला देऊन धर्मात ओढायला आले होते. आता पॉसनेट मिशनरी होता हे काही लपवून ठेवलेलं नाही, तो त्याच कामाला आला होता, दारातच लिहिलंय. आणि उपाशी माणसासमोर अन्न ठेवून देऊळ बांधून घेतलं काय अन् चर्च बांधून घेतलं काय, त्याची निवड करायची ताकद कितपत उरते हा प्रश्न आहेच, मला पण तो पडला. तलाव बांधला असता तर गावाला पाणी तरी राहिलं असतं, असं पण मनात आलं. पण मागच्या सीटवरनं माय म्हणाली, "आरं बाबा, त्या बायांला इचार. मला इचारशील तर मी म्हनीन आदी भाकर दी, मंग तुजा देव कोंचा ते सांग." मेव्हणा गप्प बसला, पटलं म्हणून नाही, माय बोलल्यावर तो गप्पच बसतो.

आता मुद्द्यावर येतो.

दुसऱ्या दिवशी मायनं हट्ट धरला की गावाकडं जाऊन तलाव बघायचा. गेलो. मी लहानपणी त्याच तलावात पोहायला शिकलोय, म्हशी धुतल्यात, पण तो कुणी केला असा विचार डोक्यात आला नव्हता, तलाव म्हणजे डोंगरासारखा, असतोच. आता गाळ भरलाय, एका बाजूला बाभळी माजल्यात, तरी खालच्या विहिरींना पाणी आहे, खालच्या रानात हरभरा उभा होता. बांधावर एक सिमेंटचा फलक आहे. मध्यंतरी दुरुस्ती झाली तेव्हाचा. त्याच्यावर सहा नावं आहेत, कोणाच्या हस्ते, कोणाच्या अध्यक्षतेखाली, प्रमुख उपस्थिती. दुरुस्ती म्हणजे सांडव्याला गिलावा, तो पण उचकटलाय. मायनं मला विचारलं काय लिहिलंय, मी वाचून दाखवलं. ती म्हणाली ह्यातला एक बी कामावर नव्हता.

आता खरं सांगायचं तर मेदकला पण त्या मजुरांची नावं मला कुठं दिसली नाहीत, पादरी साहेबाचं नाव आहे, चित्रकाराचं आहे. पण निदान एवढं तरी आहे की तिथं झाडू मारणारा माणूस पहिलं वाक्य बोलतो ते "अकाल में बना" हे. शंभर वर्षं झाली तरी. आणि आमच्या तलावाला अजून पंचावन्न पण झाली नाहीत आणि गावातल्या पोरांना विचारलं हा कधी केला, तर एक म्हणालं "जेसीबीनं केला असंल."

म्हणून मागणं असं. मराठवाड्यात बहात्तर-त्र्याहत्तरला जे पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते झाले, त्यातले तुमच्या वाचकांच्या गावात किती आहेत ते तुम्ही विचारा. रोज एक चौकट द्या, मोठी नको, राशिभविष्याएवढी. गावाचं नाव, काम कुठलं आणि त्या कामावर कोण कोण होतं त्यांची नावं, बस. फोटो नको, सत्कार नको, शाल-श्रीफळ तर अजिबात नको, त्या बायकांच्या गुडघ्यांना स्टेजवर चढवत नाही. जी माणसं तेव्हा पंधरा-वीस वर्षांची होती ती आता सत्तर-पंच्याहत्तरची आहेत. आमच्या गावात अशा अकरा जणी उरल्यात, मागच्या वर्षी चौदा होत्या. सरकारी मस्टर कुठल्या कपाटात असतील तर असतील, सापडले तरी त्यात "बायको, सून" एवढंच निघणार. सरकारनं बोर्ड लावावा असं मी म्हणणार नाही, लावला तर पुन्हा वर हस्ते आणि अध्यक्षतेखाली येईल. पेपरात छापून आलं तर माणसं कात्रण कापून ठेवतात, पत्र्याच्या पेटीत ठेवतात, ते टिकतं.

आणि तुमच्या त्या सहलीच्या पानाला पण मेदक एकदा घ्याच. रविवारी गेलात तर दुपारपर्यंत प्रार्थना असते हे लिहा, पण उजेड असतानाच जा नाहीतर खिडक्या दिसायच्या नाहीत. २०२२ पासून रेल्वे पण झालीये, निजामाबाद-सिकंदराबाद लाईनवर अक्कन्नापेटहून मेदकला फाटा निघतो, ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांची सोय. जवळच एडुपायलाला वनदुर्गेचं देऊळ आहे, मांजरा तिथं सात धारांनी फुटते, आमचं ते राहिलं, पोरं कंटाळली होती. धपाटे जास्तीचे न्या.

सुरुवात आम्ही घरी केलीये. पोरीनं दोनशे पानी वही घेतली आणि आज्जीला समोर बसवून नावं लिहायला लागली. आज्जी आधी लागोपाठ दहा-बारा सांगते आणि मग अडकते, कारण तेव्हा सुनांना नावानं कुणी हाकच मारायचं नाही, अमक्याची सून, तमक्या गावची, एवढंच. मग गावात फोन लावायचा, त्या घरातल्या कुणाला तरी विचारायचं तुमच्या आज्जीचं नाव काय हो, आणि खरं सांगतो, दोन घरात नातवांना माहीत नव्हतं, आधार कार्ड शोधून सांगितलं. परवा रात्री साडेअकराला माय उठून बसली आणि पोरीला हाक मारली, लिही गं, म्हणे, मुरमाच्या खदानीवर एक होती, हणेगावकडची, उंच, माजं टोपलं जड झालं की आपली चुंबळ मला द्यायची अन् आपन तसंच उचलायची. पोरगी पेन घेऊन बसली, नाव काय लिहू? ते काही आठवेना. बारा वाजेपर्यंत आठवत होती, हणेगावला कुणाला फोन करायचा तेही कळेना.

वहीत आजपर्यंत एकेचाळीस ओळी झाल्यात, नऊ ओळींत नाव नाही. शेवटची ओळ अशी आहे: "हणेगावकडची, उंच. चुंबळ द्यायची." छापणार असाल तर कळवा, झेरॉक्स पाठवतो.

आपला,
एक वाचक
देगलूर, जि. नांदेड